चक्र आणि चक्कर

'चक्राकार अर्थव्यवस्था' हे नाव ऐकूनच कॉमर्सच्या पोरांना चक्कर येते. अर्थ तसा साधा : वस्तू टिकवा, दुरुस्त करा, फिरवून वापरा, उकिरडा अगदी शेवटी. मी दरवर्षी साखर कारखान्याचा दाखला देतो. उसाचं चिपाड बॉयलरमध्ये जळून वीज देतं, मळीचं अल्कोहोल होतं, गाळाचं खत पुन्हा उसालाच. मुलं माना डोलावतात, म्हणजे पेंगतात.

यंदा एक मुलगी उठली. "सर, मिक्सर वीस वर्षं टिकला, तर कंपनीनं खायचं काय?"

प्रश्न लाखमोलाचा! मी झेरॉक्सची गोष्ट काढली. १९५९ साली अमेरिकेत आलेलं त्यांचं '९१४' हे यंत्र कंपनी बहुतेक भाड्यानंच देई आणि पैसे घेई ते प्रतींच्या हिशेबानं. यंत्र बंद, की कमाई बंद! मग ते टिकावं ही काळजी गिऱ्हाइकापेक्षा कंपनीलाच जास्त. धंदा यंत्राचा नव्हे, त्याच्या उपयोगाचा.

"म्हणजे मिक्सरही भाड्यानं?"

"वाटणाच्या हिशेबानं!"

हे सारं तिनं एकटीनं लिहून घेतलं. बाकी वर्गानं तिच्या वहीची झेरॉक्स काढली. पुढल्या वर्षी त्याच प्रती ज्युनिअर मंडळींना अर्ध्या किमतीत मिळतील. धडा पोचला म्हणायचा!