धारयंत्राचं ठाण

पटाशी आणि रंध्याचं पातं परजायला हौशी सुतार स्वीडनचं टॉरमेक यंत्र घेतो, चांगले पैसे मोजतो आणि मग ते मिळेल त्या टेबलावर ठेवून देतो. घोडं तिथेच अडतं.

सुतारी टेबल साधारण ८५ ते ९० सेंटिमीटर उंच. टी-८ या मॉडेलचं चाकच २५० मिलिमीटर व्यासाचं. त्याचा माथा छातीच्या आसपास येतो, खांदे चढतात, मनगट अवघडतं. पाऊणएक मीटरचा स्टँड बरा. कोपर मोकळं राहतं नि कड वरून नीट दिसते.

स्टँडच्या वजनावर मात्र उगाच डोकेफोड होते. साधा बेंच ग्राइंडर मिनिटाला सुमारे २८५० फेरे घेतो, त्याला घट्ट बोल्ट हवेतच. टॉरमेकचे फेरे ९०. त्याला जाड प्लायचं खोकं आणि खालच्या खणात वाळूची पिशवी पुरे.

खरा शत्रू चाक भिजवणारं पाणी. पातं फिरत्या चाकाच्या तोंडावर धरलं की पाणी त्यावर चढतं, मागे ओघळतं आणि प्लायच्या उघड्या कडेत मुरतं. कड फुगते, पदर सुटतात. वर सनमायका, कडांना एपॉक्सी आणि यंत्राखाली उभ्या काठांचा ट्रे हवा. (ओव्हनमधला जुना ट्रेही चालतो, घरच्यांनी सोडला तर.)

आणि स्टँड भिंतीला चिकटवू नये. यंत्राच्या दुसऱ्या, चामड्याच्या चाकावर पातं चाक फिरण्याच्या दिशेनेच धरायचं, नाहीतर धार चामड्यात रुतते; त्यासाठी पलीकडे जाऊन उभं राहावं लागतं. जागा नसेल, तर यंत्राखाली फिरती पाटी बसवावी.