रुमालाची गाठ सोडण्यापूर्वी

वाईजवळ मेणवलीला कृष्णेकाठी नाना फडणवीसांचा वाडा आहे. त्या वाड्यातल्या कागदांना इतिहासाचे अभ्यासक मेणवली दप्तर म्हणतात. हे दप्तर आज पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आहे. इतिहाससंग्राहक दत्तात्रय बळवंत पारसनीस (१८७०–१९२६) यांनी ते मिळवले आणि साताऱ्याच्या आपल्या संग्रहात ठेवले. १९३९ मध्ये डेक्कन कॉलेज पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले आणि त्याच वर्षी साताऱ्याचा हा संग्रह तेथे आला. पुढे १९९० मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. एका कारभाऱ्याच्या घरचे कागद अशा रीतीने विद्यापीठाचे झाले.

या कागदांना खासगी म्हणावे की सरकारी, हा प्रश्न आजच्या सवयीतून येतो. अठराव्या शतकात फडणिसाच्या घरी राज्याची पत्रे असणे मुळीच नवलाचे नव्हते. दूरच्या दरबारातला वकील बातमी लिहून पाठवी ती नानांना, आणि ती राही नानांजवळ. म्हणून अशा दप्तराची ‘राजकीय’ आणि ‘घरगुती’ अशी वाटणी करू नये. ते कोणाजवळ साठले, हीच त्याची पहिली आणि सर्वांत खरी ओळख.

अभिलेखशास्त्राचा पायाही हाच आहे. एका व्यक्तीचे किंवा कचेरीचे कागद दुसऱ्याच्या कागदांत मिसळायचे नाहीत, हा नियम फ्रान्सने १८४१ मध्ये सरकारी आदेशाने घालून दिला. मूळ ठेवणाऱ्याने लावलेला क्रम मोडायचा नाही, ही त्याची पुढची पायरी. १८९८ मध्ये तीन डच दप्तरदारांनी लिहिलेल्या ग्रंथामुळे ती जगभर रुजली. ऐकायला हे सोपे वाटते, पण रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, समोर आला की तो नीट ‘लावून’ टाकण्याचा मोह फार होतो. तारखेप्रमाणे किंवा विषयाप्रमाणे कागद लावले की काम झाल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात त्या क्षणी एक पुरावा कायमचा पुसला गेलेला असतो.

तो पुरावा कसला, हे मोडी पत्रांत लख्ख दिसते. पुष्कळ पत्रांवर सालच नसते. ‘छ’ या अक्षरापुढे मुसलमानी महिन्याचा चंद्र, म्हणजे दिवस, दिलेला असतो, किंवा नुसती तिथी असते. साल असलेच, तर ते बहुधा शुहूर सन असते आणि अरबी अंकशब्दांत लिहिलेले असते. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७२. हा सन मृग नक्षत्राला, जूनच्या आरंभी बदलतो. त्यामुळे डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून ६००. या हिशेबाने ११७२ हे साल जून १७७१ ते जून १७७२ असे पडते. साल नसलेल्या पत्राला मात्र हा हिशेब लागू करता येत नाही. तेव्हा शेजारचे कागद कामाला येतात. वरच्या आणि खालच्या पत्रांना साल असेल, अक्षर एकाच कारकुनाचे असेल आणि मजकूर एकातून दुसऱ्यात वाहत असेल, तर मधल्या पत्राचे साल बरेचसे खात्रीने सांगता येते. तेच पत्र रुमालातून काढून ‘संकीर्ण’मध्ये टाकले की ते मुके होते.

पैवस्तीचेही असेच. पत्र पोचले की त्याच्या माथ्यावर किंवा पाठीवर पोचल्याची तारीख टिपत. लिहिल्याची आणि पोचल्याची तारीख शेजारी ठेवली की जासूद किती दिवसांत आला हे कळते. कोणती बातमी पुण्याला कधी माहीत झाली हेही कळते, आणि एखादा निर्णय बातमी येण्याआधी झाला की नंतर, हे ठरवायला याहून चांगले साधन नाही. पत्र छापताना हे चार शब्द वगळले जाण्याची भीती असते. सूचीत ते आलेच पाहिजेत.

मराठी इतिहाससंशोधन वेच्यांवर वाढले. गोविंद सखाराम सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड काढले. मेणवली दप्तरातल्या नागपूरविषयक पत्रांचे दोन खंड त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी संपादित केले आणि डेक्कन कॉलेजने ते १९५४ व १९५९ मध्ये प्रसिद्ध केले. या माणसांचे ऋण मोठे आहे. तरीही वेचा हा वेचणाऱ्याच्या प्रश्नांना उत्तर देतो. धान्याचे दर, औषधोपचार, पाऊसपाणी, बायकांची नावे यांबद्दलचे प्रश्न नंतरच्या पिढ्यांना पडले. त्यांची उत्तरे न वेचलेल्या कागदांत आहेत, म्हणून सबंध दप्तर टिकले पाहिजे.

दप्तर फुटले की काय होते, याचे ठळक उदाहरण न्यूटनचे आहे. त्याचे कागद ज्या घराण्याकडे होते, त्याने १८७२ मध्ये ते केंब्रिज विद्यापीठाकडे दिले. विद्यापीठाने गणित आणि विज्ञानाचे कागद ठेवून घेतले. किमया आणि धर्मविचार यांवरचा बहुतेक भाग परत गेला. १९३६ मध्ये लंडनच्या लिलावात त्याचे ३२९ गठ्ठे करून विकले गेले. अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी धडपडून बरेच किमयेचे कागद पुन्हा जमवले आणि ते किंग्ज कॉलेजला मिळाले. धर्मविचारांचा मोठा भाग जेरुसलेमला पोचला. एकाच माणसाने एकाच टेबलावर लिहिलेले विचार असे देशोदेशी विखुरले. वैज्ञानिक न्यूटन आणि किमयागार न्यूटन ही दोन माणसे आहेत, हा समज दीर्घकाळ टिकायला ही वाटणीही कारणीभूत होती.

कागदाच्या प्रकृतीबाबत एक उलट गोष्ट नेहमी अनुभवास येते. दौलताबाद किंवा जुन्नरकडचा चिंध्यांचा हातकागद आणि काजळाची शाई दोनशे वर्षांनंतरही घट्ट असते. त्यांचे शत्रू म्हणजे कसर, वाळवी आणि ओल. काजळाची शाई प्रकाशाने उडत नाही, पण पाण्याने ओघळते. त्यामुळे असा कागद धुण्याआधी कोपऱ्यातल्या एका ठिपक्यावर चाचणी घ्यावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा कागद आला. तो आम्लामुळे आतूनच ठिसूळ होतो. प्राध्यापकाची १९४५ची टिपणवही हातात चुरते आणि नानांच्या काळचे पत्र खुशाल उलगडते. दुरुस्तीला जपानी पातळ कागद आणि पिठाची खळ वापरावी, कारण ती पुढे कोणालाही सोडवता येते. चिकटपट्टी कधीही लावू नये.

प्राध्यापक आणि लेखकांचे कागद आज विद्यापीठांकडे येतात, तेव्हा आणखी एक जबाबदारी येते. पत्राचा कागद मिळणाऱ्याचा असला, तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा राहतो. शिवाय त्यात तिसऱ्याच कोणाचे आजारपण किंवा भांडण असू शकते. काय उघडे करायचे आणि काय किती वर्षे बंद ठेवायचे, हे देणाऱ्याशी लेखी ठरवून घ्यावे.

सूची दप्तरापासून सुरू होऊन रुमालाकडे आणि मग कागदाकडे उतरते. अनुमानाने दिलेले साल चौकटी कंसात लिहायचे, म्हणजे कागद काय म्हणतो आणि सूचीकार काय समजतो, हे वेगळे राहते. छायाचित्रे घेताना पाठही घ्यावी, कोरी असली तरी, कारण ती कोरी आहे हेही अभ्यासकाला कळायला हवे. वाचकाला एका वेळी एकच रुमाल द्यावा, हाती शिसपेन असावे. त्याने आपल्या लेखात दप्तराचे नाव, रुमाल क्रमांक आणि कागद क्रमांक या क्रमाने संदर्भ द्यावा, म्हणजे शंका आलेल्या दुसऱ्या वाचकाला नेमका तोच कागद मागता येतो.