कापरा आवाज

आलमबागला मावशीकडे जायचं ठरलं, की आमच्या घरी पंधरा दिवस आधीपासून धांदल सुरू व्हायची. गोडा मसाला, भाजणी, कोकम, सांडगे... लखनौला काय काय मिळत नाही, ही आईची यादी संपता संपत नसे. पुष्पक एक्स्प्रेस भुसावळ, भोपाळ, झाशी, कानपूर करत चारबाग स्टेशनात शिरायची, तेव्हा फलाटावर काका उभे असायचे. मग टेम्पोत कोंबून बसायचं. मवैया ओलांडलं की आलंच आलमबाग.

काका तिथल्या रेल्वेच्या कारखान्यात होते. आगगाडीचे डबे दुरुस्त करणारा हा मोठा कारखाना आणि त्याच्या आसपास रेल्वेची बैठी घरं. घरापुढे अंगण, अंगणात रात्री टाकायच्या बाजा. आलमबाग नाव ऐकून कुणी बाग शोधायला मात्र जाऊ नये! अवधचा शेवटचा नवाब वाजिदअली शहा याने आपल्या बेगमेसाठी ती लावली होती. १८५७ साली तिथे तोफा धडाडल्या. इंग्रजांचा सेनापती हॅवलॉक याला तिथेच पुरलं. त्याची कबर आणि एक जुना दरवाजा सोडला, तर आता सगळी दुकानं, बसगाड्या आणि माणसं.

मावशी लग्न होऊन लखनौला आली ती १९७१ साली. हिंदी धड बोलता येईना, आणि काका दिवसभर कारखान्यात. तेव्हा तिने एक धाडस केलं. कैसरबागेतल्या संगीत महाविद्यालयात नाव घातलं. त्याची इमारतही वाजिदअली शहाचीच, परीखाना नावाची. नवाबाच्या काळात तिथे मुलींना गाणं आणि नाच शिकवत. आपल्या वाळकेश्वरच्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली लखनौमध्ये हे महाविद्यालय उभं केलं. गव्हर्नर मॅरिस यांचं नाव दिल्यामुळे ते पुढे चाळीस वर्षं मॅरिस कॉलेज म्हणूनच ओळखलं गेलं, आणि १९६६ साली त्याला भातखंड्यांचं नाव मिळालं. परक्या गावात आपल्या माणसाच्या नावाची पाटी दिसली, तेवढ्यानेच धीर आला, असं मावशी सांगायची.

तीन वर्षं ती तिथे शिकली. मग मुलं झाली, शिक्षण सुटलं. गाणं मात्र घरात राहिलं. पोळ्या लाटताना, तांदूळ निवडताना ती गायची. तिच्या आवाजात एक बारीक कंप होता. सूर लांबवला की तो कडेला किंचित थरथरायचा, वाऱ्यावर निरांजनाची ज्योत हलावी तसा.

मी दहा वर्षांची होते. १९९८ चा मे महिना. ९ मे रोजी तलत महमूद मुंबईत गेला. दुसऱ्या दिवशी काकांनी पेपर वाचला, चष्मा काढला आणि कपाटातून तबकड्यांचा गठ्ठा खाली घेतला. काका तलतचे भक्त होते. तलत लखनौचा, म्हणून तो आपल्या गल्लीतलाच, असा त्यांचा एकूण आविर्भाव! दिवसभर घरात तलत वाजत होता. संध्याकाळी लाइट गेली. शेजारपाजारचे लोक अंगणात येऊन बसले, कैरीचं पन्हं झालं आणि कुणीतरी मावशीला म्हणालं, भाभी, आता तुम्ही म्हणा.

मावशीने तलतचंच गाणं धरलं. अंधारात तिचा आवाज फार लांबून आल्यासारखा वाटत होता. गाणं संपलं, सगळे गप्प होते. आणि मला काय सुचलं कोण जाणे! मी उठून उभी राहिले, दोन बोटांनी गळा धरून हलवला आणि शेवटची ओळ तशीच थरथरवत म्हणून दाखवली. एकच हशा पिकला. मावशीही हसली. मला फार मोठा पराक्रम केल्यासारखं वाटलं.

त्यानंतरच्या सुट्ट्यांत मावशी गाताना ऐकू आली नाही. माझ्या ते लक्षातही आलं नाही. मी कॉलेजात होते, तेव्हा आई सहज बोलून गेली, “ताई हल्ली गात नाही. आवाज कापतो म्हणते.” तेव्हा ते अंगण आठवलं आणि पोटात खड्डा पडला. पण मी कुणाजवळ बोलले नाही. अशा गोष्टी आपण मनाच्या तळाशी ढकलतो आणि वर दुसरं सामान रचतो.

ते सामान हलवावं लागलं २०२४ साली. तलतचा जन्म २४ फेब्रुवारी १९२४ चा, लखनौचा. जन्मशताब्दीचा लेख माझ्या वाट्याला आला. मी कात्रणं वाचायला बसले, जुनी गाणी पुन्हा ऐकली, आणि वाचता वाचता थांबले. कारण त्या सगळ्या आयुष्याच्या मध्यभागी तीच गोष्ट होती, कापरा आवाज!

तलतचं घर जुन्या वळणाचं. रात्र रात्र जागून मैफली ऐकणाऱ्या या मुलाने गायचं, तेही सिनेमात, हे घरच्यांना मुळीच पसंत नव्हतं. घर की सिनेमा, असा प्रश्न उभा राहिला. त्याने सिनेमा निवडला. घरच्यांनी त्याला मनापासून स्वीकारायला पुढची दहाएक वर्षं गेली. गाणं तो शिकला ते मॅरिस कॉलेजातच, पंडित एस. सी. आर. भट यांच्याकडे. म्हणजे भातखंड्यांनी पेरलेल्या रोपाचं हेही एक फळ. १९३९ साली, वयाच्या सोळाव्या वर्षात, तो लखनौ रेडिओवर गझला गाऊ लागला. १९४१ साली एचएमव्हीने त्याची पहिली तबकडी काढली. मग कलकत्ता. तिथे बंगाली गाणी त्याने तपनकुमार या नावाने गायली. १९४४ साली कमल दासगुप्तांच्या चालीवरची त्याची एक तबकडी निघाली, प्रेयसीच्या तसबिरीवरची, आणि देशभर घराघरांत पोहोचली. सिनेमातलं गाणं नाही, पडद्यावर कुणी नट नाही, तरी केवळ आवाजावर वीस वर्षांचा हा पोरगा लोकप्रिय झाला.

१९४९ साली तो मुंबईला आला आणि इथे गोष्ट अडली. चित्रपटसृष्टीत कुजबुज सुरू झाली, याचा आवाज कापतो, हा माइकसमोर घाबरतो. तलत मनाने हळवा. त्याने ते मनावर घेतलं आणि आवाज ताठ ठेवायचा प्रयत्न सुरू केला. संगीतकार अनिल विश्वास यांच्याकडे तो गायला उभा राहिला तेव्हाचा किस्सा जुने रसिक अजून सांगतात. तलत गाऊ लागला. अनिलदांनी थांबवलं. हा तर कुणी भलताच गातोय, माझा तलत कुठे आहे? तलतने खरं कारण सांगितलं. त्यावर अनिलदांनी त्याला सुनावलं, की तो कंप हवा म्हणून तर तुला बोलावलं. १९५० साली ‘आरजू’ आला, पडद्यावर दिलीपकुमार आणि मागे तलतचा तोच कंप. त्या एका गाण्याने तलत उभा राहिला.

मला इथे एक गंमत वाटते. माइक नव्हता, तेव्हा गाणाऱ्याला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकावा लागे. नाटकगृहात असा मऊ, कानाशी बोलल्यासारखा आवाज पहिल्या रांगेतच विरून गेला असता. माइक आला आणि हळू गाणाऱ्यांचे दिवस आले. तिकडे अमेरिकेत बिंग क्रॉस्बी माइकला तोंड लावून कुजबुजल्यासारखा गाऊ लागला, इकडे कलकत्त्यात सैगल आणि पंकज मलिक. तलत त्याच वाटेवरचा. पण माइक मोठा चोखंदळ. आवाजातली साय तो दाखवतो, तसा आवाजातला थरकापही लपवू देत नाही. इतरांनी जे झाकलं असतं, ते तलतला उघड्यावर घेऊन गावं लागलं.

मग १९५४ चा ‘मिर्झा गालिब’, १९५५ चा ‘देवदास’, १९५९ च्या ‘सुजाता’मध्ये सुनील दत्तने टेलिफोनवर म्हटलेलं ते गाणं. मराठीतही ‘पुत्र व्हावा ऐसा’ आणि ‘मोलकरीण’साठी तो गायला. त्याच्या तोंडचं मराठी ऐकताना आपण उच्चार तपासायला बसत नाही, हेही खरंच! मधल्या काळात त्याला नायक व्हायची हौस आली. देखणा होताच. डझनभर चित्रपटांत त्याने काम केलं, सुरैया, नूतन यांच्याबरोबर उभा राहिला. पण नट म्हणून तो फार पुढे गेला नाही, आणि तो सेटवर असताना संगीतकार दुसऱ्या आवाजांकडे वळले. माझ्या मते हा त्याचा हिशेब चुकलाच. १९६४ च्या ‘जहाँआरा’मध्ये मदनमोहनने त्याला हट्टाने घेतलं. गाणी अप्रतिम, चित्रपट पडला. जमाना बदलला होता. हळू गाणाऱ्याला ऐकून घ्यायला फुरसत कुणाला? तो देशोदेशी कार्यक्रम करत राहिला. १९७९ साली लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये गायला. १९९२ साली पद्मभूषण मिळालं. इकडे काकांसारखे लोक होतेच, तबकड्या पुसून ठेवणारे.

लेख लिहून दिला आणि मी रजा काढून लखनौ गाठलं. काका जाऊन आठ वर्षं झाली होती. निवृत्तीनंतर त्यांनी आलमबागेतच, सिंगारनगरच्या बाजूला, दोन खोल्यांचं घर घेतलं होतं, तिथे मावशी राहते. रस्त्यावर आता डोक्यावरून मेट्रो जाते, २०१७ पासून. टेम्पोऐवजी मी मेट्रोनेच गेले. मावशीचे हात आता थरथरतात. कपबशी दोन्ही हातांनी धरावी लागते. चहा सांडला की स्वतःच म्हणते, “बघ, आता सगळीच कापते मी.”

दोन दिवस मी नुसतीच इकडचं तिकडचं बोलत होते. तिसऱ्या दिवशी गच्चीवर उन्हात बसलो होतो, मटार सोलत. मी तिला अनिल विश्वासांचा किस्सा सांगितला. ती शेंगा सोलत ऐकत राहिली.

“ठाऊक आहे गं,” ती म्हणाली. “ह्यांनी शंभरदा सांगितला होता.”

मग मी कसंबसं म्हटलं, “मावशी, त्या दिवशी मी तुझी नक्कल केली होती. आठवतं? तेव्हापासून तू गाणं...”

ती माझ्याकडे पाहत राहिली. क्षणभर वाटलं, तिला काहीच आठवत नाही. मग म्हणाली, “अगं, तू दहा वर्षांचं पोर. पोरं नकला करणारच. तुझं नाही वाईट वाटलं.”

मटाराचे दाणे वाडग्यात टपटप पडत होते.

“हे हसले,” ती म्हणाली. “सगळ्यांत मोठ्याने हे हसले. दिवसभर तलतच्या आवाजातला कंप ऐकून डोळे पुसत होते, आणि माझ्या आवाजातल्या कंपाला हसले. त्याचं लागलं.”

मी काय बोलणार? काका माझे लाडके होते. फलाटावर उभे राहणारे, माझ्यासाठी अमीनाबादहून कुल्फी आणणारे. त्यांना कधी ते कळलंही नसेल. मावशीनेही कधी सांगितलं नसावं. सव्वीस वर्षं मी जे ओझं माझं म्हणून वागवत होते, ते माझं नव्हतंच. पण ते खाली ठेवावं, तर कुठे ठेवावं हेही कळेना. ज्याच्यावर टाकायचं तो माणूस तर भिंतीवर फोटोत, हार घालून.

“तू त्यांना बोलली का नाहीस?”

“कशाला? ते म्हणाले असते, अगं गंमत केली. आणि गंमतच होती ती.” थोड्या वेळाने तिने विचारलं, “तुझ्या फोनवर तंबोरा वाजतो म्हणतात. खरंय का?”

मी फोन काढला, तंबोरा लावून दिला. तिने स्वर खाली घ्यायला लावला. आणखी खाली. पांढरी पाचपासून पांढरी दोनपर्यंत उतरवला तेव्हा तिची मान हलली. हातातली शेंग बाजूला ठेवून तिने साडीला बोटं पुसली, डोळे मिटले आणि सा लावला. तो कापला. ती थांबली, खाकरली.

“जरा त्या जिन्याचं दार लोटून घे,” ती म्हणाली. “खालच्या भाडेकरूंची मुलं परीक्षेला बसलीयत.”

मी दार लोटून आले, तोवर तिने परत सुरू केलं होतं.