कुलूप नसलेली गाडी

वेल्सच्या घाटांत केटरहॅम सेव्हन चालवायला धमाल येते. पण रात्री हॉटेलात शिरलो की जीव खाली पार्किंगमध्ये. घरी तिला गॅरेज आहे, इथे सगळं उघड्यावर. हिला कुलूप लावायचं तरी कुठे? दारं म्हणजे बटणांनी अडकवलेले कापडी पडदे, छतही तसलंच. कॉलिन चॅपमनने 1957 मध्ये मूळ लोटस सेव्हन आणली ती हलकेपणाच्या ध्यासातून. 1973 मध्ये केटरहॅमकडे तिचे हक्क आले, ध्यास तोच राहिला.

हलकी म्हणजे किती? पाचशे किलोच्या आसपास. चार दांडगटांनी मनावर घेतलं तर इंजिन सुरूही न करता ती उचलून टेम्पोत घालतील. त्यामुळे बॅटरी तोडणारी लाल किल्ली खिशात टाकून भागत नाही. साखळी हवीच, आणि तीही चाकातून नव्हे (चाक काय, नट सोडले की मोकळं!), तर रोल बारमधून काढून दिव्याच्या खांबाला. ट्रॅकरला स्वतःची बॅटरी हवी, नाहीतर लाल किल्लीसरशी तोही झोपतो.

माझा खरा भरवसा मात्र स्टीअरिंगवर. मागची कॉलर ओढली की ते खट्‌कन हातात येतं. काखेत ते घेऊन जेवायला गेलो की वेटर आधी त्याकडे बघतो, मग माझ्याकडे. बायको शेजारच्या टेबलावर बसायच्या गोष्टी करते. करू दे. वर कव्हर घालून दोरी आवळली आहे. पावसाचं काय ते सकाळी बघू.