दीड दिवसाचं माप

भाईंदर सुटलं की गाडी खाडीच्या पुलावर येते, पाणजू दिसतं आणि माझ्या पोटात बारीकसा गोळा येतो. नायगावला उतरायचं, रिक्षा करून उमेळ्याला. माहेरी गणपती. ओढीने जाते, हे खरं. आणि कधी एकदा परत निघते, असं बोरिवलीलाच वाटू लागतं, हेही खरं. हे दुसरं मी घरी कधी बोलले नाही.

आमच्याकडे गणपतीत भांडण होत नाही. होतं ते मोदकांवरून. उकड सैल कशी झाली, कुणाच्या पारीला कळ्या नीट पडत नाहीत, यंदा नारळ कुणी आणले आणि गेल्या वर्षी कुणी. धाकटी वहिनी ‘माझं काय, मी करतेच’ म्हणते तेव्हा मोदकपात्राचं झाकण जरा जोरात बसतं. बाहेर बाप्पा बसलेले, म्हणून आवाज चढत नाहीत. भांडी बोलतात.

खरी गोष्ट कपाटात असते: आजोबांच्या वाडीचा सातबारा. त्यावरचा जिल्हासुद्धा 2014 साली बदलला, ठाण्याचा पालघर झाला. आमचा प्रश्न तोच. वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. त्यासाठी तेव्हा वडील हयात असण्याची गरज नाही, हे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. आमच्या घरी हा कायदा आला तो हक्कसोडपत्र होऊन. दोन वर्षांमागे, पानावर मोदक वाढताना दादा म्हणाला, “बाय, तेवढी एक सही करून टाक गं.” जमीन मला हवीच होती असं नाही. पण ‘तेवढी’ हा शब्द तुपासारखा घशात अडकला. मी म्हटलं, “विसर्जन होऊ दे.” तेव्हापासून दरवर्षी विसर्जन होतं.

मध्यंतरी भाच्याने हट्ट धरला, गणपती पाच दिवस ठेवू या. त्या दिवशी आमच्या घरात प्रथमच एकमत झालं. रजा नाही, भटजी मिळत नाहीत, खर्च वाढतो. मला वाटतं, दीड दिवस ठरवणाऱ्याला शास्त्रापेक्षा भावंडं जास्त ठाऊक असावीत.

आरतीला मात्र बरं असतं. एका रांगेत उभं राहायचं, सगळ्यांनी समोर बघायचं. कुणाला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. दादाला वरचा सूर लागत नाही, तो अर्ध्यावर सोडतो. तिथून मी उचलते. हे आम्ही लहानपणापासून करत आलोय, सहीच्या वर्षीही केलं.

यंदा तळ्यावरून परतताना रिकामा पाट दादाच्या डोक्यावर होता, त्यावर मूठभर ओली माती. पाट ठेवून त्याने घड्याळ पाहिलं. “गर्दी असेल गं. लेडीजमध्येच चढ.” मग मागून हाक मारून केळीच्या पानात बांधलेले सात मोदक हातात दिले. मोजले ते मी गाडीत.

कपाटाकडे कुणी गेलं नाही.