बिनवारशी ठेव

आमच्या शेलूला गाडीतून उतरणारा पाहुणा हल्ली आधी गुंठ्याचा भाव विचारतो, मग तब्येत. अशा गावचा मी, नागपूरजवळ काटोल रस्त्यावरचे जुनापाणी पाहून थक्कच झालो. तिथे मयतांचे सुमारे ३०० प्लॉट आहेत! भोवती थोराड दगडांचे कडे, मधे मातीगोट्यांचा उंचवटा. ही लोहयुगातली थडगी. अशा थडग्यांत मडकी सापडतात, लोखंडी हत्यारे सापडतात. माहूरझरीला तर घोडाही निघाला, तोसुद्धा तांब्याचे दागिने घातलेला. (आमच्या वेळी टांगाही मिळायचा नाही.)

दहा वर्षे कोणी हात न लावलेली ठेव बँकेला रिझर्व्ह बँकेकडे पाठवावी लागते. ही ठेव दोन हजारांहून अधिक वर्षे जागच्या जागी आहे. खातेदाराचे नाव नाही, वारस नाही. पुरातत्त्व खाते तेवढे राखण करते. विदर्भातल्या सगळ्याच वर्तुळांच्या नशिबी ती पाटी नाही. दगड कुणी उचलून नेले की खाते बंद. आणि हे धोंडे, क्रेन नसताना, कोणीतरी आपल्या माणसासाठी ओढत आणले होते हो!

बरोबरच्या कॅशियरने जमीन टाचेने दाबून पाहिली. "काय हो, हे एनए झालंय का?"

म्हटलं, "हळू बोला. खातेदार झोपलेत."