बंद पीसीचा डॉक्टर लॅमिंग्टन रोडवर

जुना पीसी पोटमाळ्यावरून उतरवला, धूळ झटकली, बटण दाबलं... ढिम्म! भंगारवाल्याला हाक मारण्याआधी थांबा, बॉस. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरा आणि लॅमिंग्टन रोड गाठा.

पाटीवरचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण १९०३ ते १९०७ मध्ये मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं नाव अजून लोकांच्या तोंडून जात नाही. फुटपाथवर केबल आणि चार्जर, आत कॉम्प्युटरच्या दुकानांची रांग. रिपेअरवाले सापडतात ते आडबाजूला, अरुंद जिन्यांवर.

इथला मुरलेला मेकॅनिक स्क्रू ड्रायव्हर उचलण्याआधी मशीनचं ऐकतो. पंखाच फिरत नाही? पहिला संशय पॉवर सप्लायवर. बोर्डाचा प्लग सोडवून हिरवी वायर काळीला जोडायची. तरी पंखा ढिम्म, तर सप्लाय गेला. (हा उद्योग त्याच्यावरच सोडा.) पंखा फिरतोय, पण नुसतं बीप-बीप? बहुतेक वेळा रॅम. प्लग काढून रॅम बाहेर घ्यायची, सोनेरी पट्टीवर साधं खोडरबर हलकेच फिरवायचं, पुन्हा घट्ट बसवायची. हे घरीही जमतं, खर्च शून्य! तारीख भलत्याच वर्षाची दाखवून स्क्रीन अडून बसलाय? नाण्याएवढा ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल बदला. बोर्डावरच्या कॅपॅसिटरची टोपी फुगलीय? २००० नंतरच्या काही वर्षांत खराब कॅपॅसिटरची साथच आली होती. सोल्डरिंगचा हात चांगला असेल, तर तेही बदलता येतात.

आणि यातलं काहीच चाललं नाही तर? तरी पीसी गेला म्हणजे हार्ड डिस्क गेली असं नाही! कॉलेजच्या ट्रिपचे फोटो, ताईच्या लग्नाचा व्हिडिओ, आजीचा रेकॉर्ड केलेला आवाज, हे सगळं त्या डिस्कवर आहे. ती काढून यूएसबी कन्व्हर्टरने लॅपटॉपला जोडली की बहुतेक वेळा फाइल्स मिळतात. मात्र डिस्क टकटक करत असेल तर पुन्हा पुन्हा चालू करू नका, थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. आणि भंगारात देणार असाल, तर डिस्क काढूनच द्या. तुमच्या आठवणी आणि पासवर्ड किलोच्या भावात का विकायचे?

जाताना शनिवार पकडा. रविवारी इथली बहुतेक शटर्स खाली असतात.